पानांखालचं फूल

प्रिय खारूताई,

अंगणात फुलतं का ते बघायला तू दिलेलं रोप मी खरंच हौसेनं वाढवलं, की घरातून न निघायला कारण हवं होतं म्हणून?

रोप मजेत आहे. बाराही महिने हिरवंगार, मागच्या भिंतीच्या सावलीत चांगलं हातभर पसरलंय. तुमच्या रोपवाटिकेतलं हे डोंगरउतारावरचं रानरोप अंगणात जगेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. शिवणयंत्रावर बसल्या बसल्या दिसावं म्हणून बाबांनी त्याला खिडकीसमोरची जागा दिली. घरातली पहिली पदवीधर म्हणून माझं कोण कौतुक! कुणी कापड टाकायला आलं की ते सांगतात, "आमच्या बाईसाहेबांचं संशोधन चालू आहे." तू पहिल्यांदा तुमच्या रोपवाटिकेत नोकरीला बोलावलंस तेव्हा मात्र म्हणाले, "हातात घेतलंयस ते पुरं कर. फूल आलं की खुशाल जा." आई झारीनं पाणी घालता घालता हळूच विचारते, "नाही ना गं आलं अजून?" त्या 'ना'मध्ये माझा पाय अडकतो. कुणी ओरडत नाही, कुणी दार लावत नाही. ओरडले असते तर भांडून तरी मी निघाले असते.

खारूताई, फूल दोन वर्षांपूर्वीच आलं. मागच्या वर्षीही आलं. तुला ठाऊकच आहे, ते पानांखाली मातीला टेकून उमलतं. वरून बघणाऱ्याला दिसत नाही. मी त्यावर पाचोळा सारला आणि तुमच्या नोंदवहीसाठी दोन्ही वर्षं 'फुललं नाही' असं लिहून पाठवलं. खरेपणावर भाषणं देणारी मी!

यंदाचं काल दोघांना दाखवलं. चष्मा सावरत बाबा वाकले. "हे फूल? मला वाटलं, कोटाचं बटण पडलंय." मग आधीच्या दोन वर्षांचंही सांगून टाकलं. आई झारी धरून तशीच उभी. बाबांनी एवढंच विचारलं, "मग गेली का नाहीस?" म्हटलं, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. "ते तर आजही वाटलं," म्हणाले आणि यंत्रावर जाऊन बसले. पण पाय चालवला नाही.

तुझ्या साहेबांना नोकरीसाठी होकार लिहिलाय. त्याच पाकिटात फुलांच्या खऱ्या तारखा घातल्यात. खोटी नोंद करणारीला ते घेतील का, कोण जाणे. यंदाही तू माझ्यासाठी शब्द टाकलास, म्हणून त्यांच्याकडून कळण्याआधी तुला हे माझ्याकडून कळावं. पाकीट सकाळीच टपालात टाकून आले.

तुझीच,
ठमी