उसवलेला हत्ती

३ डिसेंबर, सकाळी
संकल्प. या वर्षअखेरच्या सुट्टीत हॉलच्या खिडकीत टांगायला स्वतःच्या हातांनी कापडी लटकन शिवायचं. बाजारचं नाही. विषयही ठरला. आमचा लहानपणीचा हत्ती. आईने बाबांच्या जुन्या कोटातून शिवलेला. तो तसा धाकट्या बहिणीचा, पण घरात एकच हत्ती असला की तो सगळ्यांचाच असतो. त्याची छोटी आवृत्ती काढायची. धाकटी तिच्या लेकीला, माझ्या भाचीला, घेऊन सुट्टीला येतेय. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. बघून थक्क होईल.
बायकोला सांगितलं. तिने विचारलं, तुम्हाला सुईत दोरा ओवता येतो का? असल्या प्रश्नांमुळेच घरात काही नवं घडत नाही.

४ डिसेंबर
ऑफिसात जाहीर केलं. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी विचारलं, बासरीचं काय झालं. बासरीचा इथे संबंध नाही.

६ डिसेंबर
सामान आणलं. करडं फेल्ट, सुया, दोरे, कापूस, अंगुस्तान. अंगुस्तान बोटात बसलं ते निघेना. साबण लावून काढलं. बोट सुजलंय, त्यामुळे आज शिवण नाही. पण बोट सुजलं म्हणजे काम सुरू झालं.

९ डिसेंबर
पहिला हत्ती पूर्ण. बायको म्हणाली, मोजा छान झालाय. चूक हाताची नाही, मापाची. आठवणीतून माप काढलं की असं होणारच. मूळ वस्तू समोर हवी.
संध्याकाळी आईच्या ट्रंकेतून हत्ती काढला. एक कान मोठा, एक लहान. टाके इतके बारीक की दिसतच नाहीत. धाकटीने फोनवर बजावून ठेवलंय, या खेपेला हत्ती घेऊन जाणार आहे, दादा, जपून ठेव. जपूनच काढला.

१२ डिसेंबर
फुगीर वस्तूचं माप बाहेरून येत नाही. शास्त्रशुद्ध उपाय एकच. हत्ती उसवायचा, तुकडे कागदावर पसरून रेघ मारायची आणि परत शिवून टाकायचा. तासाभराचं काम. बायको म्हणाली, "अहो, त्याला हात लावू नका. आधी तिला विचारा तरी." विचारलं तर सरप्राइज काय राहिलं?

१३ डिसेंबर
बायको बाहेर गेल्यावर उसवला. ब्लेडने, पोटाकडून. एके ठिकाणी कापडच थोडं चिरलं. कापड जुनं होतं, थोडी जबाबदारी त्याचीही आहे. आतून नुसत्या चिंध्या निघाल्या. कुबट वास. लगेच खाली नेऊन कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. आता आत स्वच्छ पांढरा कापूस भरणार. धाकटीला हत्ती नव्यासारखा मिळेल. खरं तर तिच्यावर उपकारच.

१६ डिसेंबर
हत्ती परत जोडायला बसलो. कुठला तुकडा पोटाचा, कुठला पायाचा, पत्ता लागत नाही. उसवताना खुणा करायला हव्या होत्या. सोंड उलटी शिवली गेली. उसवली. परत उलटीच. शेवटी सगळे तुकडे बिस्किटांच्या डब्यात घालून ठेवले. आधी लटकन, मग हत्ती. एका वेळी एकच काम करावं.
बायकोने डबा उघडून बघितला. काही बोलली नाही. याचा अर्थ तिला पटलंय.

२० डिसेंबर
लटकन तयार! खिडकीत टांगलं. वाऱ्याने फिरतं आणि नेमकी मागची बाजू दाखवतं. मागची बाजू जास्त चांगली झालीय, तेव्हा हरकत नाही. इस्त्रीवाला कपडे द्यायला आला होता. त्याने विचारलं, डांबरगोळ्यांची पिशवी खिडकीत का टांगलीय?

२३ डिसेंबर
धाकटी आली. भाचीने लटकन बघितलं आणि टाळ्या वाजवत ओरडली, "मामा, बटाटा!" धाकटीने तिला चिमटा काढला आणि म्हणाली, किती छान शिवलंस रे दादा. मनापासून म्हणाली असावी.
जेवताना तिने विचारलं, माझा हत्ती कुठाय? मी म्हटलं, ड्रायक्लीनिंगला दिलाय. बायको उठून आत गेली. आत भांडी जोरात आपटली.

२४ डिसेंबर
सकाळी धाकटी म्हणाली, लाँड्री कुठे आहे सांग, मीच आणते जाऊन. मी म्हटलं, लाँड्री बंद आहे. मालकाचे सासरे आजारी आहेत. गावाला. दोन्ही गुडघे. तपशील जरा जास्त झाले.
बायकोने बिस्किटांचा डबा आणून धाकटीसमोर ठेवला.
धाकटीने एकेक तुकडा काढून मांडीवर ठेवला. ओरडली नाही. मी तिला माप, रेघा, शास्त्रशुद्ध पद्धत, सगळं समजावलं. पांढरा कापूसही दाखवला. तिने विचारलं, "आतलं कुठंय, दादा?"
मी म्हटलं, त्या चिंध्या? टाकल्या.
मग तिने सांगितलं. हत्ती तिने आणि आईने मिळून भरला होता. तिचा पहिला फ्रॉक, बाबांच्या शर्टाची बाही, माझ्या शाळेच्या चड्डीचा खिसासुद्धा होता त्यात. आई एकेक तुकडा हातात देऊन विचारायची, हा कुणाचा सांग, आणि बरोबर सांगितलं की आत भरायला द्यायची. धाकटीने पर्समधून आईच्या शालीचा एक तुकडा काढला. थोडीशी शिवण सोडवून तेवढा आत ठेवायचा, भाचीच्या हातून, म्हणून घेऊन आली होती. आता ठेवणार कशात?
मी खाली गेलो. कचऱ्याचा डबा रिकामा होता. धुतलेलासुद्धा. तरी वाकून आत बघितलं. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, काय हरवलं? मी म्हटलं, पेन.

२५ डिसेंबर
धाकटी नेहमीसारखीच बोलते. दादा, चहा घेतोस? दादा, पंखा बंद करू? ओरडली असती तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. दुपारी मी म्हटलं, मी सगळा परत जोडून देतो, अगदी होता तसा. ती म्हणाली, "नको." आजवर माझ्या कुठल्याही बेताला इतकं साधं उत्तर मिळालं नव्हतं.

२६ डिसेंबर
बायकोला म्हटलं, तू मला आधी सांगायला हवं होतंस. ती नुसती बघत राहिली. मग मीच म्हटलं, सांगितलं होतंस.

२७ डिसेंबर
दोघींना बसवर सोडायला गेलो. आणखी राहणार होत्या, पण धाकटी म्हणाली, घरी कामं पडलीत. हत्तीचे तुकडे तिने शालीच्या तुकड्यात गुंडाळून पर्समध्ये ठेवले. भाचीने लटकन मागून घेतलं. तिला खरंच आवडलंय म्हणे. बसच्या खिडकीशी बसून ती ते आपल्या आईच्या नाकासमोर नाचवत होती. धाकटीने मान खाली घातली, तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, हसतेय. बरं वाटलं. मीही बाहेरून मोठ्याने हसलो, हात हलवला.
मग तिने वर बघितलं. ती हसत नव्हती.
बस सुटायला वेळ होता. चेहऱ्यावरचं हसू कसं उतरवायचं ते मला कळेना. तसाच उभा राहिलो.