होलोगिलच्या गाडीत चार जागा

होलोगिल,
३ एप्रिल २०१९

प्रिय एनिड,

तुझी जागा डाव्या हाताच्या खिडकीशी धरली आहे. गाडी ज्या दिशेला जाईल त्याच दिशेला तुझं तोंड असेल, कारण उलटं बसलं की तुला मळमळतं हे मी विसरले नाही. डावी बाजू मुद्दाम निवडली. उजवीकडे नुसता डोंगर आणि मेंढ्या, आणि मेंढ्या तू लहानपणी पोटभर पाहिल्या आहेस. डावीकडे मात्र पूल लागला की सगळं खोरं एकदम पायाखाली उघडतं. रेल्वेच्या कमिटीतल्या बाईंना यासाठी मी तीनदा फोन केला. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "मिसेस गारसाइड, त्या डब्याच्या गाद्या तुम्हीच शिवल्यात, आता कोण कुठे बसणार तेही तुम्हीच सांगा, मी मुकाट्याने लिहून घेते." तेव्हा कुठे माझं समाधान झालं.

बेत असा आहे. शुक्रवारी, सतरा मेला, एक्झीटरहून सकाळी निघणारी गाडी थेट लीड्सला येते, मध्ये कुठे बदलावी लागत नाही. लीड्सच्या फलाटावर आमची नात हेझल उभी असेल. उंच आहे, केस लाल आहेत आणि आईचं, म्हणजे आपल्या आईचं, नाक जसंच्या तसं घेऊन आली आहे, तू ओळखशीलच. ती सुईणीचं काम करते, त्यामुळे मोटार सावकाश चालवते आणि बोलते भरभर. मुक्काम आमच्याकडे. वरच्या खोलीत उजेड चांगला येतो, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा आहे. शनिवारी न्याहरी करून हेझल आपल्याला आर्नबीला सोडेल, आणि दहा चाळीसला आर्नबीहून होलोगिलची गाडी सुटेल. चौपन्न वर्षांनी, एनिड. वाफेचं इंजिन, चार डबे, अकरा मैल, पन्नास मिनिटं. आपला डबा इंजिनापासून दुसरा, पहिल्या वर्गाचा. चहा चिनी मातीच्या कपांतून, हॅमची सँडविचेस, फळांचा केक आणि त्याबरोबर चीजची जाड फोड. तिकडे दक्षिणेत केकबरोबर चीज खाल्लं की लोक बघत राहतात म्हणे. तुझी जीभ अजून इतकी बिघडली नसेल अशी आशा आहे.

पहिला वर्ग हा माझा हट्ट. आपण स्टेशनमास्तरच्या मुली, पण पहिल्या वर्गात एकदा तरी टेकलो का? बाबा लोकांसाठी दार उघडून धरायचे, टोपीला हात लावायचे, आणि आपल्याला खिडकीतून आत डोकावायचीही बंदी. हा डबा कुठे सापडला सांगू? टेकडीपलीकडच्या एका शेतात. तीस वर्षं त्यात कोंबड्या होत्या. सहा खोल्यांपैकी चारांत कोंबड्या, एकीत खताची पोती आणि एकीत मोडका नांगर. आम्ही पाच बायकांनी मालधक्क्याच्या शेडमध्ये नऊ वर्षं त्याच्यावर काम केलं. पहिलं वर्षभर नुसतं खरवडत होतो. मूळ कापड कसलं होतं ते कुणालाच आठवेना. मग एक बाक उचकटताना त्याच्या मागे हातरुमालाएवढा तुकडा मिळाला, गर्द लाल, त्यावर बारीक पानं. तो घेऊन मी गिरणी गिरणी फिरले, आणि शेवटी एका म्हाताऱ्या विणकराने जसंच्या तसं विणून दिलं. डोकं टेकायच्या जागचे पांढरे रुमाल माझ्या हातचे आहेत. पितळी दिवे लावले की ते लाल कापड असं उजळतं, की आमच्यातली ग्रेटा, जिला कधी कशाचं कौतुक नाही, तीसुद्धा म्हणाली, "बरं जमलंय."

आता जे लिहायचं ते आपण दोघींनी कधीच लिहिलं नाही. चौसष्टच्या ऑक्टोबरात आपला मार्ग बंद झाला, शेवटची गाडी गेली, आणि पुढच्या सोमवारी बाबांनी नेहमीच्या वेळी उठून, गणवेश चढवून, रिकामा फलाट झाडला. तू तेव्हा एक्झीटरला शिकवत होतीस. मी खिडकीतून बघत होते. वसंतात रूळ उपटणारी टोळी आली. बावीस माणसं, गावच्या प्रार्थना मंडळाच्या हॉलमध्ये उतरली, आणि तिथे चहा ओतायचं काम माझ्याकडे होतं. विल्फ त्यातलाच, ब्रॅडफर्डचा, दोन्ही कानांवर काजळी. त्याच्याशी लग्न ठरवल्याचं मी तुला कळवलं तेव्हा तू सुट्टी टाकून आलीस आणि स्वयंपाकघरात मला विचारलंस, "अख्ख्या यॉर्कशायरमध्ये तुला दुसरा माणूस मिळाला नाही?" खरं सांगते, मी शोधलाच नव्हता. बाबा एवढंच म्हणाले, "ज्या हाताने माझे रूळ उपटले, तो हात मी हातात घेणार नाही." शब्द पाळला त्यांनी. तू त्यांना एक्झीटरला घेऊन गेलीस. एकाहत्तर साली तुझं तीन ओळींचं पत्र आलं, तेव्हा त्यांना पुरूनही चार दिवस झाले होते. त्या तीन ओळींवरून मी तुझ्यावर किती वर्षं धुमसत होते, ते आता सांगण्यात अर्थ नाही. धुमसणं कधी थांबलं तेही नेमकं आठवत नाही. मला स्वतःला मुलं झाली, ती आजारी पडली, रुसली, निघून गेली, परत आली, तेव्हा हळूहळू लक्षात आलं की बाबांच्या शेवटच्या सहा वर्षांत त्यांना रोज सकाळी चहा करून देणारी तू होतीस, मी नव्हते.

विल्फबद्दल तुला काहीच ठाऊक नाही, म्हणून सांगते. अठ्ठ्याहत्तर साली काही हौशी माणसांनी संस्था काढली आणि आर्नबीकडून पुन्हा रूळ घालायला सुरुवात केली. विल्फ मला न सांगता पहिल्याच शनिवारी तिथे गेला. चिखलाने भरून परत आला तेव्हा मी विचारलं, हे काय? म्हणाला, "उपटायला अकरा आठवडे लागले. घालायला जरा जास्त लागतील." चाळीस वर्षं लागली. दर शनिवारी, बर्फात, पावसात, मोठ्या मुलीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा सकाळी दोन तास. पण तो स्वतः त्या जुन्या टोळीत होता हे त्याने तिथे कुणालाही सांगितलं नव्हतं. मीही बोलले नाही. चाळीस वर्षं तो त्या माणसांबरोबर डबा खात होता आणि त्यांतले निम्मेजण रूळ उपटणाऱ्यांना दर वेळी शिव्या घालायचे.

मग दोन वर्षांपूर्वी कोल्डबेकला रुळांखालच्या मातीच्या भरावापाशी सगळंच अडलं. होलोगिल दीड मैलावर दिसत होतं आणि भराव पाण्याने आतून फुगत चालला होता. बेथनी नावाची आमची तरुण इंजिनिअर यंत्रं आणून महिनाभर तपासत होती. भरावाखाली पाणी जायची जुनी दगडी मोरी आहे हे तिला कळलं होतं, पण कुठे ते सापडेना. नकाशे केव्हाच हरवलेले. सभा झाली. सगळा भराव खोदायचा तर तीन-चार वर्षं, कदाचित कधीच नाही, असं ती म्हणाली. हॉलमध्ये बसलेल्यांत निम्मे पंचाहत्तरीच्या पुढचे. सगळे खाली बघत होते. तेव्हा विल्फ उभा राहिला. मी त्याचा कोट धरून खाली ओढला, तर त्याने माझा हात सोडवला. म्हणाला, "मोरी कुठे आहे मला माहीत आहे. रुळांखालचे कुजलेले लाकडी स्लीपर मीच तिच्यात कोंबले. मुकादमाने सांगितलं, मी कोंबले. रूळ उपटणाऱ्या टोळीत मी होतो."

पहिला बोलला तो होरेस. आपल्या वेळचा सिग्नलवाला होरेस, आता एक्याण्णव वर्षांचा, बाबांच्या हाताखाली काम केलेला. "म्हणजे चाळीस वर्षं तू आमचा चहा ढोसलास आणि हे आज सांगतोयस?" विल्फ म्हणाला, "हो." होरेस म्हणाला, "मग उद्या सकाळी दाखव. आणि फावडं आण, हातपाय बरे आहेत तुझे."

दुसऱ्या दिवशी विल्फ भरावाच्या पायथ्याशी चालत गेला, एका वाकड्या कुंपणाच्या खांबापाशी थांबला, सोळा पावलं मोजली आणि काठी रोवली. यंत्राने खणायला घेतलं. दोन हात खाली दगडी कमान लागली, कमानीत काळे पडलेले स्लीपर. तिसरा स्लीपर ओढला आणि पाणी असं सुटलं की बेथनी गुडघ्यापर्यंत भिजली आणि तिथेच उभी राहून हसत सुटली. दुपारभर पाणी वाहत होतं. होरेस घडीच्या खुर्चीवर बसून ते बघत होता, आणि पाणी ओसरल्यावर त्याने विल्फचा हात हातात घेतला तो बराच वेळ सोडला नाही.

या फेब्रुवारीत शेवटच्या रुळाचा शेवटचा बोल्ट सगळ्यांनी विल्फकडून आवळून घेतला. दुसऱ्या दिवशी चाचणीचं इंजिन आलं. मी आपल्या फलाटावर होते. सगळं गाव होतं, शाळा सोडून दिली होती. आधी पुलावर धूर दिसला, मग आवाज आला, मग कोल्डबेकच्या भरावावरून ते इंजिन संथपणे चालत आलं आणि भराव जागचा हलला नाही. लोक ओरडत होते, टोप्या उडवत होते. विल्फ इंजिनात उभा होता, शहात्तर वर्षांचा, कानांवर काजळी.

पण पहिल्या वर्गाला तो तयार नव्हता. कमिटीने उद्घाटनाच्या गाडीत त्याला मानाची जागा दिली, त्याने नाही म्हटलं. "मी मागे गार्डच्या डब्यात उभा राहीन. तुझ्या बाबांच्या फलाटावर पहिल्या वर्गातून उतरायला मी कोण?" मी रागावले, रुसले, गाद्या कुणासाठी शिवल्या म्हणून भांडले. हेझलने समजावलं. तो हलला नाही. आणि मग गेल्या मंगळवारी ते पार्सल आलं. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं, नुसता एक्झीटरचा शिक्का. मी ते उघडायला घेतलं तर विल्फ चष्मा लावून म्हणाला, "थांब, हे माझ्या नावाचं आहे." खरंच होतं. मिस्टर विल्फ्रेड गारसाइड, होलोगिल स्टेशन. चौपन्न वर्षांत तू त्याचं नाव एकदाही कागदावर लिहिलं नव्हतंस. आत बाबांच्या मफलरमध्ये गुंडाळलेली, गाडी पुलावर आली की ते वाजवायचे ती हातघंटा होती, वाजू नये म्हणून तोंडात कापूस भरलेली. चिठ्ठी नाही. त्याने कापूस काढला, आतला लोलक बोटाने धरला आणि आवाज न होऊ देता घंटा टेबलावर ठेवली. दुपार गेली तरी तो तिच्यासमोरून उठला नाही. मग म्हणाला, "तिला लिही, घंटा पोचली म्हणून. ती मी वाजवणार नाही, स्टेशनमास्तरच्या घरच्या माणसानेच वाजवायला हवी." आणि थोड्या वेळाने म्हणाला, "पहिल्या वर्गात चार जागा धर. मीही बसतो." तर त्या चार जागा म्हणजे तू, विल्फ, हेझल आणि मी. गाडी साडेअकराला होलोगिलला पोचेल, आणि बारा वाजता परत निघायची घंटा तू द्यायची आहेस. छापील कार्यक्रमात तुझं नाव मिस एनिड थ्वेट म्हणून गेलं आहे, तुला न विचारता. मी त्यांना थांबवू शकले असते, पण थांबवलं नाही. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. उत्तर लिहीत बसू नकोस, एक्झीटरचं तिकीट काढ.

तुझीच धाकटी,
मुरिएल