आण्णांच्या बिस्किटांचा तक्ता

१ जानेवारी १९५४
दोन संकल्प. टायफॉइडमधून उठलेल्या आण्णांचं वजन वाढवायचं, माझं कमी करायचं. काल लीलावहिनींनी विचारलं, "वन्सं, पोलक्याच्या दंडाची शिवण उसवून देऊ का?" दादा हसला.
सकाळी शाहूपुरीत हंबीररावांच्या गुळाच्या अडतीवर दोघांनी वजन केलं. आण्णा एक मण आठ शेर, मी एक मण पंधरा. हमाल पिराजी गुळाच्या ढेपांचे, रव्यांचे आकडे ओरडतो, तसेच आमचे ओरडला. रस्त्यावरची माणसं वळून बघत होती. एक मण बारा झाल्याशिवाय डॉक्टर आण्णांना शाळेत शिकवायला जाऊ देणार नाहीत. त्यांची मॅट्रिकची मुलं मार्चमध्ये परीक्षेला बसणार.

३ जानेवारी
मुंबईहून मामाने बिस्किटांचा डबा पाठवला. दर आठवड्याला येणार. आण्णांना दुधाबरोबर रोज आठ. डब्यावर मैदा, साखर, लोणी एवढंच छापलंय, कॅलरी किती ते नाही. आण्णांच्या इंग्रजी पुस्तकावरून मीच काढणार. पावकी-निमकीपासून सरासरीपर्यंत सगळं त्यांनीच मला घरी, स्वयंपाकघरातल्या फरशीवर खडूने शिकवलं. शाळेत मी नंतर गेले.

५ जानेवारी
आण्णांच्या प्रयोगशाळेतला ताजवा मागवला. बारा बिस्किटं तोलली. सरासरी सदतीस कॅलरी. भोकं वजा करावीत का, विचार करते आहे. हाताळलेली बिस्किटं आजाऱ्याला देणं बरं नाही, म्हणून मीच संपवली. ही तपासणी, खाणं नव्हे. भात बंदच आहे.

१४ जानेवारी, संक्रांत
तिळगूळ घेतला नाही. सगळ्यांना तसं सांगितलं.
आण्णा आठांतली चार ठेवतात. तोंडाला चव नाही म्हणतात. तक्त्यात आठच लिहिते, कारण दिली आठ. उरलेली मऊ पडतात. परत डब्यात टाकली तर बाकीचीही बिघडतील.

२६ जानेवारी
वहिनींनी विचारलं, डबा चार दिवसांत कसा संपतो. मी मुंग्या म्हणाले. दिवसभर चैन पडलं नाही. घरात मुंग्या आहेत हे खरं आहे.
नवा नियम: तुटक्या बिस्किटाच्या कॅलरी धरायच्या नाहीत. वाटेत बरीच तुटतात. काही माझ्या हातूनही.

९ फेब्रुवारी
दुसऱ्या दंडाचीही शिवण उसवली. खण धुण्यात आटला असावा. उद्यापासून तपासणी बंद, भाकरी अर्धी.

१० फेब्रुवारी
नवा डबा आला. न तपासता आण्णांना कसा द्यायचा?

१८ फेब्रुवारी
तक्त्याप्रमाणे आण्णा एक मण बारा झालेच. मी तसं सांगितलं. त्यांनी मुलांना निरोप धाडला, सोमवारी येतो. कोट काढून उन्हात घातला. किती दिवसांनी शीळ घालत होते.

२० फेब्रुवारी, शनिवार
लिहू नये असं वाटतं.
अडतीवर पुन्हा वजन केलं. आण्णा एक मण आठ. तेवढेच. मी म्हणाले, काटा बिघडलाय. पन्नास दिवस माझा भात बंद आहे, मला तोला म्हणजे कळेल. आणि चढले.
एक मण एकोणीस.
पिराजी म्हणाला, "काटा बरोबर हाय की, ताई. आण्णास्नी चढायचं चार शेर हितं चढल्यात."
हंबीररावांनी त्याला गप्प केलं, पण तेही तोंड फिरवून हसले.

२१ फेब्रुवारी
आण्णांनी तक्ता मागितला. लाल पेन्सिल घेऊन पहिल्या पानापासून तपासला. तासभर मी दारात उभी. शेवटी म्हणाले, बेरजा सगळ्या बरोबर आहेत. मग वरचं 'आण्णा' खोडलं आणि 'कालिंदी' लिहिलं.
मुलांना सोमवारी येत नाही असं मला लिहायला सांगितलं. कारण काय लिहू, विचारलं. म्हणाले, "ते तूच ठरव."
तीन कागद फाडले. चौथ्यावर खरं लिहिलं आणि पाठवलं.
संध्याकाळी डब्यात एकच बिस्कीट होतं. ते आण्णांना नेऊन दिलं. त्यांनी मोडून अर्धं माझ्या हातावर ठेवलं.
अर्ध्याच्या साडेअठरा. तुटकं असलं तरी धरल्या. माझ्या नावावर.