स्टेजवरची एकच बाहुली

३ फेब्रुवारी

"अज्जी, तुमची ट्रॉफी स्वल्प दिवस देता का?" म्हणे! गावातल्याच एचएसआर लेआउटहून भव्या नावाची कन्नड पोरगी आली होती. सिनेमाच्या पहिल्यावहिल्या बक्षिसांचं प्रदर्शन मांडतायत. माझाच फोटो मला दाखवला — मी विशीतली, स्टेजवर, हातात ती ट्रॉफी, म्हणजे पितळेची बाहुली. फोटोत आहे मग घरात का नाही, हा तिचा प्रश्न.

नाही, कारण ती माझी नव्हतीच! पहिल्या वर्षी सगळ्यांत मिळून एकच बाहुली होती. घ्यायची, हसायचं, फोटो काढायचा, आणि पडद्याआड जाऊन परत द्यायची. पुढच्याला तीच. "तुमची घरी पाठवतो," म्हणाले होते. पाठवतायत अजून!

भव्याला सांगितलं, चोरीला गेली.

४ फेब्रुवारी

गुडघे ठणकतायत. राग गुडघ्यात उतरतो की काय!

७ फेब्रुवारी

भव्याचा फोन. वसुमतीची ट्रॉफी मिळाली, तिचा नातू अभिमन्यू देणार आहे.

मिळणारच! त्या सिनेमात वसुमती माझी बहीण झाली होती, बक्षीस दोघींना मिळालं. तिची बाहुली दिवाणखान्यात येऊन बसली, अख्ख्या युनिटनं पाहिली. माझी आलीच नाही. निर्मात्याच्या पुढंपुढं कोण करायचं, ते मला ठाऊक होतं. बोलणंच टाकलं मी.

एकदा तर माझ्या दारात आली. पिशवीतून बाहुलीचं डोकं दिसत होतं — मिरवायला आणलेली! खिडकीतून पाहिलं आणि कडी काढली नाही. बराच वेळ दार वाजवत होती. वाजव म्हटलं. परत कधी आली नाही.

चार वर्षांपूर्वी वारली, तेव्हाही मी गेले नाही.

१२ फेब्रुवारी

तिची बाहुली काचेच्या कपाटात आणि माझा नुसता फोटो? जळ्ळं मेलं ते प्रदर्शन! जाणार नाही.

१५ फेब्रुवारी

अभिमन्यू आला होता. टेबलावर दोन बाहुल्या ठेवल्या.

"जमना अज्जी, कुणाचीच आली नव्हती. आमच्या अज्जीनं इथल्याच शिवाजीनगरच्या पितळवाल्याकडून दोन करून घेतल्या. एक तुम्हाला द्यायला आली होती म्हणे, पण तुम्ही घरी नव्हता."

एकीच्या तळाशी कोरलंय — जमनाबाई.

घरी नव्हते! असं सांगितलंस त्याला?

नुसतं दार वाजवत राहिलीस. एक हाक मारायचीस ना, वसे!