साडूंच्या नावे गिटार

मी, खाली सही करणारा, वय वर्षे बहात्तर, यंत्रांच्या सुट्या भागांच्या कारखान्यातला निवृत्त तपासनीस, माझ्या मागे कोणाला काय मिळावे हे आज स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी कर्तव्य नसते असे वकीलबाई म्हणाल्या. हे लिहायला मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट मुलगी म्हणते, "बाबा, एवढं सगळं लिहायची गरज आहे का?" आहे.

कलम १. दीड वर्षापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते, ते रद्द समजावे. ते मी निव्वळ मत्सरापोटी केले होते. आपल्या हातून सुटलेला सदोष माल आपणच परत मागवायचा, अशी कारखान्यात आमची शिस्त होती.

कलम २. राहते घर, बँकेत जे शिल्लक असेल ते आणि माझ्या दिवंगत पत्नीचे शिलाई मशीन मुलीला मिळावे. घर तिने विकले तरी माझी हरकत नाही. स्वयंपाकघरातली लाकडी फळी घराबरोबरच जाईल, कारण ती निघत नाही. माझ्या साडूंनी, म्हणजे पत्नीच्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी, तीस वर्षांपूर्वी एका दुपारी ती ठोकून दिली. पत्नी आल्यागेल्याला सांगायची, "भाऊजींनी बसवलीय, केसभर हललेली नाही." मी पाणसळ लावून ती तीनदा तपासली आहे. खरेच हललेली नाही.

कलम ३. फटी मोजायच्या पात्यांचे गेज, व्हर्नियर, पोलादी पट्टी आणि बारीक कानशी याही मुलीलाच मिळाव्यात. ती दातांच्या कवळ्या बनवते. पाव मिलिमीटर म्हणजे किती, हे तिला समजावून सांगावे लागत नाही. पाती वापरून झाली की पुसून, तेलाचे बोट फिरवून ठेवावीत.

कलम ४. आता गिटार.

बाजारामागच्या गल्लीत साडूंचे गिटारदुरुस्तीचे दुकान आहे. ते दुरुस्त तर करतातच, वाजवतातही. त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षे झाली तेव्हा घरच्या घरी त्यांनी तासभर गिटार वाजवली, आणि माझी पत्नी हनुवटीला हात लावून ऐकत बसली. आमच्या बत्तीस वर्षांच्या संसारात माझ्या कुठल्याच गोष्टीकडे तिने तसे पाहिल्याचे मला आठवेना.

पुढच्याच महिन्यात मी निवृत्त झालो आणि एक नवी कोरी इलेक्ट्रिक गिटार घरी आणली.

पत्नी म्हणाली, "भाऊजींना एकदा दाखवून घ्या ना. नवी असली तरी जुळवून घ्यावी लागते म्हणतात."

"नवी आहे ती. आजारी नाही."

"अहो, पण त्यांचा हात फिरला की..."

"त्यांचा हात माझ्या गिटारीवर फिरणार नाही."

बोलून तर बसलो. मग त्या दुकानाची पायरी चढायला नको म्हणून स्वतःच तपासणीला बसलो. कारखान्यात आलेला माल तपासतात तशी, कागदावर रकाने आखून. मान एका डोळ्याने नळीसारखी न्याहाळली. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर, तार दाबून धरली आणि सातव्या फ्रेटपाशी गेजचे पाते घातले. फट हवी त्याच्या दुपटीहून जास्त. मान पुढे वाकली होती. मानेच्या आतल्या सळईचा स्क्रू पाव फेरा फिरवायचा, एक दिवस थांबायचे, पुन्हा मोजायचे. फ्रेटची टोके बोटाला टोचत होती; लाकडाला चिकटपट्टी लावून ती कानशीने मऊ केली. एक फ्रेट इतरांपेक्षा उंच निघाली, तिच्यावर आखूड पट्टी डुगडुगत होती; ती घासून बरोबरीला आणली. तारांना हात लावला तरी स्पीकरची गुणगुण थांबेना, तेव्हा मागचे झाकण उघडले. अर्थिंगच्या वायरचा टाका नुसता टेकलेला होता. तो नव्याने मारताना अंगठा भाजला.

तीन आठवडे गेले. शेवटी एकेक तार मोकळी आणि बाराव्या फ्रेटवर दाबून, दोन्ही सूर तंतोतंत जुळेपर्यंत ब्रिजवरचे, म्हणजे तारा जिथे खाली टेकतात तिथले, स्क्रू सरकवले. मग तार छेडली. आवाज असा स्वच्छ आला की खोलीत मी एकटाच उठून उभा राहिलो.

स्वयंपाकघरातून पत्नी म्हणाली, "छान वाटतंय हो. तरी भाऊजींना एकदा..."

दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही.

तेव्हापासून गेली बारा वर्षे त्या गिटारीला माझ्याशिवाय कोणाचा हात लागलेला नाही, असे मी समजत होतो. मला वाजवता येते ते बेताचेच. पण वाजवून झाल्यावर तारा पुसणे, दर दोन महिन्यांनी त्या बदलणे, हवा बदलली की मान मोजणे, यांत एकदाही खंड पडलेला नाही.

दोन वर्षांपूर्वी, आजारपणात, पत्नी मला म्हणाली, "तुमच्यामागे ती गिटार भाऊजींना द्या." मी बरे म्हणालो. ती गेल्यावर सहा महिन्यांनी वकीलबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला त्यातले काही घेता येत नाही. मी गिटार साडूंच्या नावे लिहिली आणि साक्षीदारही त्यांनाच केले. ते स्वतःचे पेन घेऊन आले, न वाचता सही केली, "जेवता ना वेळेवर?" असे विचारून गेले. मी चालत घरी आलो तो अगदी खुशीत. हे लिहिताना लाज वाटते, पण खुशीत होतो हे खरे आहे.

तीन महिन्यांपूर्वी मुलगी आईच्या शिलाई मशीनचा खण आवरत होती. बॉबिनांच्या डबीत साडूंच्या दुकानाचे कार्ड सापडले. मागे त्यांचे अक्षर: "गिटार पाहिली. कुठेही हात लावायची गरज नाही. इतकं नेटकं काम माझ्याच्याने झालं नसतं. मी पाहिली हे त्यांना सांगू नकोस, त्यांना लागेल."

खाली तारीख होती. अकरा वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मी आठ दिवस मुलीकडे होतो, आणि पत्नी कुंड्यांना पाणी घालायला म्हणून एकदा घरी येऊन गेली होती, तो दिवस. एवढी जड गिटार घेऊन ती बसने गेली आणि बसने आली.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो जळफळाट. त्या दोघांनी मिळून माझा मान राखला आणि मला पत्ता लागू दिला नाही. माझ्या बायकोचे एक गुपित होते, ते माझ्याविषयीचे होते, आणि ते तिने साडूंबरोबर वाटून घेतले. त्यांच्या वाजवण्याचा मला जेवढा मत्सर वाटला नाही तेवढा त्या कार्डाचा वाटला.

चार दिवसांनी गिटार घेऊन मी त्यांच्या दुकानात गेलो. पहिल्यांदाच.

"काय बिघडलं?" साडूंनी विचारले.

"काही नाही. हे अक्षर तुमचं?"

त्यांनी कार्ड वाचले. "ठेवलं होय तिने! फार वैतागली होती त्या दिवशी. म्हणे, निदान एखादा स्क्रू तरी फिरवा, म्हणजे आल्यासारखं होईल. म्हटलं, फिरवला तर बिघडेल."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुम्हाला चाललं असतं?"

चालले नसते. मी खाली पाहिले. तेव्हा दिसले की कार्ड धरलेला त्यांचा हात थरथरत होता. त्यांनी तो काउंटरखाली घेतला आणि दुसऱ्या हाताने एक गिटार माझ्याकडे सरकवली.

"दोन आठवडे झाले, पडून आहे. फ्रेटवर आता कानस धरवत नाही मला. तुम्ही करता?"

"तुमच्या गिऱ्हाईकाची? मी?"

"तुमचं काम पाहिलंय मी. दुसऱ्या कोणाला देणार नाही."

आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी जळलो ती त्यांनी चहाचा कप पुढे करावा तशी देऊन टाकली. मलाही अशी देता आली असती तर! आता आठवड्यातून तीन सकाळी मी तिथे असतो. कानस मी धरतो, कान त्यांचा.

म्हणून: माझी इलेक्ट्रिक गिटार, पेटी, पट्टा आणि बारा वर्षांच्या मोजमापांची वही यांसह, माझ्या साडूंना मिळावी. मानेचा स्क्रू एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नये. त्यांना हे ठाऊक आहे. तरी लिहितो.

कलम ५. साडू माझ्याआधी गेले तर गिटार कोणाला, असे एक कलम घालावेच लागते, असे वकीलबाईंचे म्हणणे पडले. ते मी घातलेले नाही. जन्मभर प्रत्येक गोष्टीत ते माझ्या पुढे राहिले. या एका बाबतीत मी त्यांना पुढे जाऊ देणार नाही.

वरील मजकूर मी वाचला, दुसऱ्यांदाही वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली. त्यांनी माझ्या देखत केली. दोघांनाही यातले काही मिळणार नाही, याची त्यांना कल्पना दिली आहे.

सही: (स्वतः) निवृत्त तपासनीस

साक्षीदार १: कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई. मजकूर लिहिणारे पूर्ण शुद्धीवर आहेत. (सही)

साक्षीदार २: शेजारचे चष्मेवाले. (सही)

स्थळ: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: ९ मार्च २०२६