थांब म्हणायचं कुणी

आप्पा, मंगळावर पहिली छोटी गाडी उतरली त्या सत्त्याण्णव सालच्या पावसाळ्यात पाटसच्या कारखान्याचं गाळप बंद होतं, म्हणून तुम्ही लवकर घरी यायचात. मी दौंडच्या कॉलेजातून आले की चुलीपाशी बसून गाडीची खबर विचारायचात. आई भाकरी थापता थापता ऐकायची. दिवाळी जवळ आली तेव्हा मी सांगितलं, की ज्या तळावरून ती गाडी पृथ्वीशी बोलायची तो तळच गप्प झालाय. गाडी अजून चालत असेलही, पण आपल्याला कळणार नाही. तळाकडून निरोप आला नाही तर माघारी यायचं आणि त्याच्याभोवती फिरत राहायचं, असं तिला शिकवून ठेवलंय. तुम्ही म्हणालात, "मंग तिला थांब म्हणायचं कुणी?" आईचा हात पिठातच राहिला.

तुम्ही गेल्यावर आई हळूहळू विसरत गेली. आधी वार, मग नातवंडं, शेवटी मीही तिला परकी झाले. दोन हजार चार उजाडलं आणि मंगळावर आणखी दोन गाड्या उतरल्या. टीव्हीवर तांबडी माती दिसली तशी आई सावरून बसली. "त्या पहिलीला आणाया गेल्यात व्हय?" मी नाही म्हटलं. या फार लांब उतरल्यात, ती तिथंच आहे.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आई घरात नव्हती. वरवंडच्या रस्त्यापर्यंत बघून आले, मग उसातून विहिरीकडं गेले. तुमच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीभोवती ती फिरतेय. अनवाणी, एका लयीत, भिंतीला हात न लावता. मातीत गोल पायवाट पडलीय, आणि ती एका संध्याकाळची नाही. मी हाका मारते, आडवी उभी राहते. ती मला वळसा घालून पुढं जाते. उसाचं पातंही हलत नाही. मग शब्द निघाले, "चल, बास झालं आता." तिला शेतातून घरी नेताना तुम्ही म्हणायचात, अगदी तसेच. आई थांबली. माझ्याकडं नाही, माझ्या मागं बघून म्हणाली, "आले की." बांधावरून घरापर्यंत ती कडेकडेनं चालली, शेजारी एक माणूस मावेल एवढी जागा सोडून.

परत ती तिकडं कधी गेली नाही. पुढं तीही गेली, ते तुम्हाला ठाऊक असेल.

हे पत्र टाकायचं तरी कुठं. आईला मीच हाक देऊन थांबवलं, असं मी घरात सगळ्यांना सांगत आले. पण ते शब्द निघाले तेव्हा मी तोंड उघडल्याचं मला आठवत नाही.