कामचुकार सिलिंडर

रविवार, १ फेब्रुवारी
आजपासून गाडीच्या निदानाची रोजनिशी. फक्त स्वतःसाठी. दुसऱ्या कुणाची ती वाचायची लायकी नाही.

लक्षण: आमची जुनी गाडी मधूनच गचके खाते. चारपैकी एक सिलिंडर काम सोडून बसतो आणि बाकीचे तिघे त्याचं ओझं ओढतात. याला मिसफायर म्हणतात. आमच्या कारखान्याच्या ऑफिसात हे रोज बघतो, त्यामुळे रोग लगेच ओळखला.

बायको म्हणाली, गॅरेजमध्ये टाका. टाकतो कसला! कारखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढायचाच मला पगार मिळतो.

सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन २३ तारखेला आहे. साडूने स्वतःची नवी गाडी देऊ केली. मी साफ सांगितलं, त्यांना मीच नेणार आणि आमच्याच गाडीतून नेणार. साडू हसला. हसू दे.

तत्त्व पहिलं: घाणेरड्या इंजिनाचं निदान होत नाही. बॉनेट उघडून, नळी लावून इंजिन लख्ख धुतलं. दर रविवारी धुतो. गॅरेजवाल्यांना हे सुचायचं नाही. त्यांना स्वतःचे हात धुवायचं सुचत नाही.

सोमवार, २ फेब्रुवारी
चौकात गचके. मागच्याने हॉर्न वाजवला. मूर्ख माणूस.

बुधवार, ४ फेब्रुवारी
काल चारही स्पार्क प्लग बदलले, स्वतःच्या हाताने. आज गाडी ठणठणीत. रात्री जेवताना सगळं समजावून सांगितलं. बायको मधेच उठून गॅस बंद करायला गेली, ती परत आलीच नाही.

रविवार, ८ फेब्रुवारी
यशाबद्दल गाडीची खास धुलाई, शॅम्पूसकट. लगेच सगळ्यांना फिरायला नेलं. कोपऱ्यापर्यंत पोचलो. गचके.

प्लग बनावट असणार. दुकानदाराला तोंडावर सुनावलं. त्याने शटर ओढून घेतलं. अपराधी माणूस असाच वागतो.

सोमवार, ९ फेब्रुवारी
सासूबाई दिवसभर गॅलरीत बसून असतात. आज म्हणाल्या, जावईबापू, तुम्ही तिला आंघोळ घातली की तिला ठसका लागतो बघा.

मी गंभीर चेहऱ्याने ऐकून घेतलं. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ दिसत नाही आणि निघाल्या इंजिन तपासायला! बायकोनेही री ओढली. आई म्हणते तर एक रविवार नका ना धुऊ. म्हणजे आता घाणीने गाड्या दुरुस्त होणार.

गुरुवार, १२ फेब्रुवारी
मोठं मन करून गॅरेजवाल्याला एक संधी दिली. त्याने दोन फेऱ्या मारल्या. गाडी गुळगुळीत चालली. म्हणाला, हिला काहीच झालेलं नाही. मी तोंडाने गचक्यांचा आवाज काढून दाखवला. गॅरेजमधले सगळे हातातलं काम टाकून बघत राहिले. पुन्हा काढा म्हणाले. काढला. शिकायची इच्छा आहे त्यांना, डोकं नाही.

रविवार, १५ फेब्रुवारी
काल कॉइल बदलली. प्लगला ठिणगी पुरवते ती. म्हणजे आता विषय संपला. इंजिन धुऊन चकाचक केलं.

सोमवार, १६ फेब्रुवारी
विषय संपलेला नाही. पेट्रोलात भेसळ आहे. पंपावरच्या माणसाला विचारलं, तर म्हणाला, बाकी सगळ्यांच्या गाड्या चालतात. बाकी सगळ्यांचा दाखला देणाऱ्यांशी मी बोलत नाही. पंप बदलला.

शुक्रवार, २० फेब्रुवारी
परवापासून एकही गचका नाही. साडूला फोन केला, तसदी घेऊ नका. तो नुसतं बरं म्हणाला. पोटात दुखतंय त्याच्या.

सासूबाई आपणहून म्हणाल्या, तुम्ही नेणार म्हणालात ना, मग मी तुमच्याचबरोबर येणार. बरं वाटलं. या घरात माझ्यावर विश्वास टाकणारं एक माणूस आहे. दिसत नसलं तरी.

रविवार, २२ फेब्रुवारी
उद्या ऑपरेशन. हॉस्पिटलच्या दारात कळकट इंजिन न्यायचं? दोनदा धुतलं. बायको गॅलरीतून ओरडत होती. पाण्याच्या आवाजात ऐकू आलं नाही. पाणी बंद केल्यावरही मी ऐकलं नाही.

सोमवार, २३ फेब्रुवारी
निघताना इंजिनावर पुन्हा पाण्याचा एक हात मारला. पुलाच्या चढावर गचके, मग मोठा धक्का, मग गाडी बंद. मागे हॉर्नचा कल्लोळ. डोळ्यात घरूनच थेंब घातलेले, त्यामुळे सासूबाईंना काहीच दिसत नव्हतं. सारख्या विचारत होत्या, पोचलो का.

बायकोने फोन केला आणि साडू लगेच हजर. तो घरापासून आमच्या मागेच होता. हिनेच तसं सांगून ठेवलं होतं. याचं वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

त्या दोघी त्याच्या गाडीत बसून गेल्या. मी पुलावर थांबलो. बऱ्याच वेळाने चावी फिरवली, तर गाडी लगेच सुरू. बघा, म्हणालो. बघायला कुणी नव्हतं.

ऑपरेशन उत्तम झालं म्हणे.

रविवार, १ मार्च
गाडीशी अबोला. धुतली नाही.

रविवार, ८ मार्च
आजही नाही. आठवडाभर गचका नाही. नव्या कॉइलचा गुण असा सावकाश येतो, हे कुठल्याही व्हिडिओत सांगत नाहीत. सासूबाई एका डोळ्याने माझ्याकडे बघून हसतात. औषधाचा परिणाम असावा.

दुसरा डोळा १७ तारखेला, मंगळवारी. बायकोनेच तारीख सांगितली. मी नेणार म्हणालो. ती हो म्हणाली. वाद नाही, काही नाही. मंगळवारची रजा टाकली. धुलाई सोमवारी संध्याकाळी, म्हणजे ताजी राहील.

सोमवार, १६ मार्च
सकाळी उठलो तर घरात कुणी नाही. खिळ्यावर चावी नाही. खाली इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला, म्हणून खिडकीशी गेलो. बायको गाडी चालवत होती. लायसन्स आहे तिच्याकडे, पण क्लच जाळेल म्हणून मी कधी हातात दिली नव्हती. शेजारी सासूबाई, माझ्याकडे न बघता पट्टा लावत होत्या. गाडी फाटकातून वळली, चढ चढली, कोपऱ्यावर दिसेनाशी झाली. मी कान देऊन ऐकलं. चारही सिलिंडर चालू होते.

फोन केला. ही म्हणाली, ऑपरेशन आजच आहे, आईनेच तुम्हाला उद्याचं सांगायला लावलं. वर म्हणाली, आई म्हणते, जावईबापू, रागावू नका, तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही गाडी धुतली असती.

ऑफिसला बसने गेलो. साहेबांनी उद्याची रजा मंजूर केली आहे.